देवरेबाईंची लाल गाठ

देवरेबाई माणसाचा चेहरा नंतर बघायच्या. आधी त्याच्या स्वेटरची कड उलटायच्या. ओळख असो वा नसो. नाशिकला निमाणीच्या बसस्टँडवर शेजारी बसलेल्या एका परक्या बाईच्या पाठीशी हात घालून त्यांनी एकदा तिच्या स्वेटरची खालची कड वर केली, आतली शिवण न्याहाळली आणि म्हणाल्या, "विकतचा आहे. दोन हिवाळे जाईल." ती बिचारी पर्स छातीशी धरून उठूनच गेली. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासूबाईंची शालही सोडली नव्हती. उलटून पाहिली आणि "बरी आहे" म्हणाल्या. सासूबाई ते "बरी आहे" शेवटपर्यंत विसरल्या नाहीत आणि त्याची वसुली माझ्याकडून झाली.

हे मुद्दाम आधी सांगते आहे. सोमवारपासून आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाईंचा फोटो फिरतो आहे. भोवती गुलाबाची फुलं आणि खाली ओळ, "मायेची ऊब हरपली". डोंबलाची ऊब. बाई मायाळू वगैरे अजिबात नव्हत्या. खडूस होत्या, हट्टी होत्या, तोंडावर बोलायच्या आणि बोलून झाल्यावर पाणीसुद्धा विचारायच्या नाहीत. पण त्या खोटं बोलायच्या नाहीत. आणि ज्यांनी त्यांना भर बाजारात खोटारडं ठरवलं, तेच आज फुलं डकवताहेत. त्यांच्यात मीही होते, म्हणून मला हे गोड लिहिता येत नाही. गोड लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं.

मी पाचवीत असताना बाई आमच्या शाळेत शिवण आणि विणकाम शिकवायला आल्या. मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या की गावाकडची अहिराणी बाहेर यायची. एखादीचं विणकाम दोन बोटांत धरून त्या "हाई काय शे?" म्हणाल्या की अख्खा वर्ग चिडीचूप. मग पुढचा शब्द ठरलेला असे, "उसव." तीन आठवडे खपून केलेली टोपी असली तरी उसव. मुली रडायच्या. बाई म्हणायच्या, "उसवायला कसली लाज? चुकीचा टाका घातलास तेव्हा वाटायला हवी होती." एकच गोष्ट त्यांनी कधी केली नाही. चूक कुणाची आहे हे त्यांना लांबून कळायचं, पण नाव घेऊन त्यांनी कुणाला उभं केलं नाही. "हे कुणाचं काम?" असं विचारून त्या खुर्चीवर बसून राहायच्या. जिचं असेल तिनं आपण होऊन उभं राहायचं. तास संपला तरी त्यांची बसून राहायची तयारी असे, आणि शेवटी ती उभी राहायचीच.

मी डावरी. घरात डाव्या हाताला बंदी आणि शाळेत त्या हातावर पट्टी. आधीच्या शिक्षिकेनं "हिला सुया धरता येणार नाहीत" म्हणून मला मागच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला उचलून आपल्या समोर बसवलं. म्हणाल्या, "शेजारी बसून शिकलीस तर सगळं उलटं होईल. समोर बस. आरशात बघतेस तसं माझ्या हाताकडे बघ आणि तसंच कर." तीन महिने त्या मधल्या सुट्टीत डबा मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसल्या. कौतुकाचा एक शब्द नाही. त्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात माझा मफलर लागला तेव्हा त्यांनी कड उलटली, आतून पाहिली आणि पुढे गेल्या. उसव म्हणाल्या नाहीत, एवढ्यावर मी घरापर्यंत उड्या मारत गेले होते.

बाईंनी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर सिडकोत आमच्याच कॉलनीत दोन खोल्या घेऊन राहिल्या. मंडळात त्यांना मीच नेलं. तेव्हा आमचं मंडळ म्हणजे हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा आणि टीव्हीवर घालायचे क्रोशाचे रुमाल. एकदा कुणाच्या तरी ओळखीनं बाई सुरगाण्याच्या बाजूला मुलींच्या एका वसतिगृहात जाऊन आल्या, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. पुढच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिथं मुली थंडीत फरशीवर झोपतात. आणि आपण इथं टीव्हीला पांघरूण विणतोय." त्या वर्षीपासून आमचा स्टॉल सुरू झाला. गणपती उठले की विणायला बसायचं आणि डिसेंबरात कॉलनीच्या मैदानावरच्या मेळ्यात तीन दिवस विकायचं. स्वेटर, मफलर, कानटोप्या, लहान बाळांची टोपरी. जे येईल ते सगळं वसतिगृहाला.

लाल गाठ ही बाईंचीच पद्धत. विणून आलेली प्रत्येक वस्तू त्या उलटी करून बघायच्या. पसंत पडली तर खालच्या कडेला, आतल्या बाजूनं, लाल लोकरीची एक बारीक गाठ घालायच्या. पाच वेढे आणि दोन्ही टोकं आत दडवलेली. बघायला सोपी, पण करायला जाल तर बोटं दुखतील. एकदा कुणीतरी म्हणालं की गाठीपेक्षा मंडळाच्या नावाचं छान लेबल लावू. बाई म्हणाल्या, "लेबल मंडळाचं असतं. गाठ म्हणजे मी बघितलंय." दोन-चार वर्षांत गिऱ्हाइकं ती गाठ शोधत येऊ लागली. निफाडकडची थंडी कशी झोंबते ते तिकडच्यांनाच ठाऊक. तिथल्या बाया खास येऊन कड उलटून बघायच्या आणि न घासाघीस करता घेऊन जायच्या. एका वर्षी बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्यांनी ती गाठ मला शिकवली, पुन्हा तशीच समोर बसवून. त्या बघायच्या, मान हलवायच्या आणि मग मी गाठ घालायची. न बघता एकही नाही. हात बरा झाल्यावर लोकर त्यांनी परत मागून घेतली.

आता गेल्या वर्षाचं सांगते. आमच्या अध्यक्ष निकमवहिनी. कामाला वाघ, पण माईक हातात आला की त्यांचा तोल जातो. त्यांनी वसतिगृहाच्या कार्यक्रमात सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर करून टाकलं की या हिवाळ्यात प्रत्येक मुलीला खाट मिळणार. इकडे विणणाऱ्या हातांची बोंब. तरुण सुनांना वेळ नाही, जुन्यांचे गुडघे आणि डोळे गेलेले. त्यातून बाईंनी निम्मा माल उसवायला लावलेला. बायका कुरकुरायला लागल्या, की आम्ही काय परीक्षेला बसलोय का, घरचं टाकून करतो तर वर हे. मीही त्यांच्यातच होते. माझा एक स्वेटर बाईंनी त्या मोसमात दोनदा उसवायला लावला, दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर. पन्नाशी उलटलेली बाई मी, नातवंडांची आजी, आणि मला आपलं पाचवीतल्यासारखं "उसव". तो राग माझ्या डोक्यात बसला होता. हे लिहायला लाज वाटते, पण तो होता.

नोव्हेंबरअखेर बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. त्याच आठवड्यात एका दुपारी निकमवहिनींनी आम्हा चौघींना घरी बोलावलं. हॉलमध्ये दोन गोण्या होत्या. घाऊक बाजारातून आणलेले मशीनचे स्वेटर, दिसायला थेट हातविणीसारखे. तिघींनी कात्रीनं लेबलं काढायची, आणि मी गाठ घालायची. वहिनी म्हणाल्या, "पोरींना खाटा मिळाल्या की झालं. गाठ कुणी घातली ते देव बघत बसत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार. ढोकळा खाता खाता मला ते सगळं पटलं. नुसतं पटलं नाही, बरंही वाटलं. बाईंच्या गाठीला बाईंची गरज नाही, असं काहीतरी त्या दुपारी माझ्या मनात आलं होतं. दिवेलागणीच्या आत दोन्ही गोण्या संपल्या.

मेळ्याच्या पहिल्या दिवशी बाई नव्हत्या. माल हातोहात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या काळा चष्मा लावून, कुणाचं न ऐकता आल्या आणि स्टॉलच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसल्या. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. खांद्यावर बाळ घेतलेली एक तरुण बाई आली. तिनं पिशवीतून एक अबोली रंगाचा लहानसा स्वेटर काढून बाईंच्या मांडीवर ठेवला. आदल्या दिवशी आमच्याकडून नेलेला तो तिनं बाळाला घालण्याआधी रात्रीच धुतला होता. रंग गेला होता आणि एका बाहीची शिवण उकलली होती. ती भांडायला आली नव्हती, हे मला आजही आठवतं. म्हणाली, "आजी, आमच्या आत्याबाईंनी सांगितलं व्हतं, लाल गाठ पाहून घे. म्हणून निफाडहून आले मी."

बाईंनी स्वेटर उलटला. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण त्यांना बोटं पुरेशी होती. शिवणीवरून बोट फिरवलं आणि त्या म्हणाल्या, "हा आमच्यापैकी कुणाच्याच हातचा नाही. मशीनचा आहे." मग कडेला त्यांचा अंगठा गाठीवर आला आणि तिथंच राहिला.

"मग ही गाठ कुणाची हाय?" त्या बाईनं विचारलं.

बाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी तीन हातांवर कॅरीबॅगा मोकळ्या करत होते. त्यांनी नाव घेतलं नाही. नुसत्या थांबल्या, वर्गात थांबायच्या तशा. आजूबाजूला कॉलनीतली आठ-दहा माणसं होती, सगळी ओळखीची. मी एक पिशवी मोकळी केली, मग दुसरी केली. तोवर निकमवहिनी मध्ये पडल्या. बाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्या पोरीला म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो. वय झालंय त्यांचं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. नजरचुकीनं पास केला असेल त्यांनीच. गाठ दुसऱ्या कुणाला येतच नाही." वर पैसे परत द्यायलाही निघाल्या.

त्या पोरीनं पैसे घेतले नाहीत. बाईंना म्हणाली, "चुकलं तर चुकलं म्हना, आजी. एवढ्या वयात खोटं कशाला बोलता?" आणि बाळाला सावरत निघून गेली. बाईंनी स्वेटरची घडी घालून टेबलावर ठेवली, आपली पिशवी उचलली आणि घरी गेल्या.

वसतिगृहात खाटा गेल्या. फोटो आले, वहिनी खाटेवर हात ठेवून उभ्या. मुली खाटांवर झोपल्या याचं मला वाईट वाटत नाही, कुणाला वाटेल? पण आमच्याकडे त्याच आधारावर सगळं झाकलं जातं. एवढं चांगलं काम झालं ना, मग आता कशाला, हे वाक्य मी या वर्षात इतक्यांदा ऐकलं आणि स्वतः म्हटलं की आता कुणी म्हणालं तर माझं मस्तकच फिरतं. इकडे कॉलनीत पसरलं की मास्तरीणबाई मशीनचा माल हातचा म्हणून खपवत होत्या. दूधवाल्याकडे, गिरणीत, देवळाच्या पायरीवर. ज्या बायकांना त्यांनी उसवायला लावलं होतं, त्यांना तर आयतंच सापडलं. बाई कुणाशी बोलायला गेल्या नाहीत आणि मंडळात पुन्हा आल्या नाहीत. एकदा भाजीबाजारात मला दिसल्या. त्यांच्या पुढ्यात हातविणीचा स्वेटर घातलेली एक बाई मेथी निवडत होती. बाईंचा हात तिच्या कडेपर्यंत गेला आणि मागे आला. मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

त्यांच्या दारात जायला मला दहा महिने लागले. दसऱ्यानंतर गेले. बाई खिडकीशी बसून कुणासाठी तरी पायमोजे विणत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, गोण्या, लेबलं, ढोकळासुद्धा. त्यांची सुई थांबली नाही.

"तुझी गाठ डावीकडे कलते," त्या म्हणाल्या. "अंगठा ठेवला तेव्हाच कळलं होतं."

मी विचारलं, मग तिथं बोलला का नाहीत. तर म्हणाल्या, "शाळेत कधी नाव घेतलं का मी कुणाचं?"

मी रडायला लागले आणि माफ करा म्हणाले. तेव्हा मात्र त्यांनी विणकाम खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं, आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाल्या, "माफी-बिफी मला नको. ती तुला झोप लागावी म्हणून. आणि मला काय सांगतेस? मी तिथंच होते. मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

मी म्हणाले, डिसेंबरच्या स्टॉलला सगळे एकत्र असतील, तेव्हा सगळ्यांसमोर सांगते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "खरं सांगायला डिसेंबर कशाला लागतो?" मला त्याचाही राग आला. एवढी हिंमत करून आले, तरी यांचं समाधान नाही. चहा त्यांनी विचारला नाही. मीही चप्पल घालून निघाले आणि जिना उतरताना मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. दिवाळी होऊन आठ दिवस झाले आणि बाई गेल्या. झोपेतच.

मंडळाची शोकसभा गेल्या रविवारी झाली. निकमवहिनी बोलल्या, "ताईंचा प्रामाणिकपणा आमच्यासाठी आदर्श होता." हे त्यांनी हार घातलेल्या फोटोकडे हात करून म्हटलं, आणि आवाज कापरा करून. मी उठले. गोण्यांपासून कॅरीबॅगांपर्यंत सगळं सांगितलं, लेबलं कापणाऱ्या तिघींची नावं घेतली नाहीत, माझं आणि वहिनींचं घेतलं. मग मागून एक जण म्हणाली, ही काय वेळ आहे का. वहिनी उठून माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "भावनेच्या भरात आहेत त्या. फार जीव होता त्यांचा ताईंवर." कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. बाईंचं वय झालं होतं आणि मी भावनेच्या भरात होते; संपला विषय. त्या तिघी खाली मान घालून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर ऊब हरपायला लागली.

कॉलनीतल्या काही जणींनी नंतर फोन करून सांगितलं की आम्हाला पटलं. चांगली गोष्ट आहे. पण ज्या बाईनं विचारलं होतं, ती तिथं नव्हती. मी या आठवड्यात दोनदा निफाडला जाऊन आले. नाव माहीत नाही, गाव तेच की आसपासचं ते माहीत नाही. बाजाराच्या दिवशी कापडाच्या दुकानांतून, दवाखान्याच्या बाकांवर विचारत फिरले, मागच्या डिसेंबरात नाशिकहून लहान बाळाचा अबोली स्वेटर कुणी नेला होता का. लोकांनी मला खुळी समजून पाणी दिलं. आता हे लिहिणं एवढाच मार्ग मला उरला आहे.

तेव्हा निफाडच्या बाई, तुमच्या हाती कधी हे पडलं, किंवा तुमच्या आत्याबाईंना कुणी वाचून दाखवलं, तर ऐका. तुम्ही विचारलं होतंत ती गाठ कुणाची. माझी होती. सुनंदा पगार, सिडको. मी तुमच्यापासून तीन हातांवर उभी होते आणि मला ऐकू आलं होतं. आजी खोटं बोलत नव्हत्या.